अश्वशक्ती की पकड? कोडगूच्या वाटांवरील वाहननिवडीचा प्रश्न

म्हैसूरहून मडिकेरीकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे ८० किलोमीटर अंतरावर बैलकुप्पे हे गाव आहे. १९६० मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्याने देऊ केलेल्या जमिनीवर तिबेटी निर्वासितांनी जंगल साफ करून येथे वसाहत उभारली. मक्याची शेते, सेरा मठ आणि नामद्रोलिंग मठातील सुवर्णमंदिर यांसाठी हे गाव ओळखले जाते. महाराष्ट्रातून कोडगूच्या सहलीला जाणारे अनेक प्रवासी येथे थांबतात. वाहनांच्या दृष्टीने मात्र या गावाचे महत्त्व त्याच्या जागेत आहे. गावाच्या पूर्वेला पठाराचा सपाट आणि तुलनेने कोरडा प्रदेश पसरला आहे. पश्चिमेला कावेरी ओलांडली की कुशालनगर लागते, जिल्हा बदलतो आणि तेथून मडिकेरीपर्यंतच्या सुमारे ३५ किलोमीटरमध्ये रस्ता सह्याद्रीत चढू लागतो. मडिकेरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो.

महामार्ग दोन्ही बाजूंना डांबरी आहे आणि त्यावर कोणतीही गाडी चालते. प्रश्न निर्माण होतो तो महामार्ग सोडल्यावर. कॉफीच्या मळ्यांत जाणाऱ्या वाटा अरुंद, वळणावळणाच्या आणि अनेक ठिकाणी कच्च्या आहेत. जून ते सप्टेंबर या काळात त्यांवरील माती साबणासारखी निसरडी होते. घर पठारावर आणि मळा डोंगरात, अशी स्थिती असलेल्या माणसाला आडवाटेवर चालणारी गाडी घ्यावीच लागते. शोरूममध्ये गेल्यावर त्याच्यासमोर त्याच जातीची दोन वाहने उभी असतात. एक साधे आणि दुसरे उच्च क्षमतेचे. दोहोंच्या किमतीत काही लाखांचा, तर काही गाड्यांच्या बाबतीत कोटीहून अधिक फरक असतो. हा फरक नेमका कशासाठी मोजावा लागतो, हे अनेकदा गाडी चिखलात रुतल्यावरच कळते. आणि त्या वेळी गाडीत एखादा रुग्ण असला, तर प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही.

एका नावाखाली दोन वाहने

‘उच्च क्षमता’ हा शब्द आडवाटेच्या गाड्यांच्या बाबतीत दोन अगदी भिन्न अर्थांनी वापरला जातो. घोटाळ्याचे मूळ येथेच आहे.

पहिला अर्थ वेगाचा. अमेरिकेतील फोर्ड कंपनीने २००९ मध्ये ‘रॅप्टर’ हा पिकअप ट्रक बाजारात आणला. मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात १९६७ पासून होणाऱ्या वाळवंटी शर्यतीची परंपरा त्यामागे होती. मोकळ्या वाळवंटात खाचखळग्यांवरून वेगाने जाताना चाकांना बसणारे धक्के शोषून घेणे हे अशा गाडीचे काम. त्यासाठी लांब पल्ल्याचे शॉक अॅब्सॉर्बर, रुंद चाकांतर आणि मोठे इंजिन लागते. लँड रोव्हर कंपनीने २०२४ मध्ये सादर केलेली डिफेंडर ‘ऑक्टा’ याच कुळातील आहे. तिचे ४.४ लिटरचे व्ही-८ इंजिन ६३५ अश्वशक्ती निर्माण करते आणि ही गाडी चार सेकंदांत ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठते. भारतात तिची किंमत २ कोटी ६५ लाख रुपये जाहीर झाली होती.

दुसरा अर्थ याच्या अगदी उलट, म्हणजे संथपणाचा. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतात ‘रुबिकॉन’ नावाची खडकाळ वाट आहे. तिच्यावरून जीप कंपनीने रँग्लर गाडीच्या एका प्रकाराला २००३ च्या श्रेणीत हे नाव दिले. भारतात विकल्या जाणाऱ्या रँग्लरची जुळणी २०२१ पासून पुण्याजवळील रांजणगाव येथे होऊ लागली. एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालेल्या किमतींनुसार साधी रँग्लर ६७ लाख ६५ हजार रुपयांना, तर रुबिकॉन ७१ लाख ६५ हजार रुपयांना होती. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, या दोन्ही गाड्यांत एकच दोन लिटरचे पेट्रोल इंजिन होते. चार लाख जास्त मोजूनही ग्राहकाला एकही अश्वशक्ती अधिक मिळत नव्हती. मिळत होते ते अधिक खालच्या पट्टीचे गिअर, पुढील व मागील आसांना लॉक, आणि खडकावरून जाताना पुढील चाकांना अधिक वरखाली होऊ देणारी यंत्रणा.

थोडक्यात, एका गाडीचे नाव वाळवंटाकडे बोट दाखवते आणि दुसरीचे खडकाकडे. कोडगूत यांपैकी काहीच नाही. तेथे आहे ओली माती, तीव्र चढ आणि समोरून दुसरी गाडी आली तर एकीला मागे घ्यावी लागेल एवढीच रुंदी.

इंजिनची ताकद कोठे अडते

आडवाटेवर गाडी अडकली की इंजिन कमी पडले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. थोडे गणित मांडले तर चित्र वेगळे दिसते.

एखाद्या गाडीचे इंजिन ३०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे तेवढा पीळ देते, असे समजू. सध्याच्या भारतीय बनावटीच्या डिझेल गाड्यांत हा आकडा सामान्य आहे. पहिला गिअर हा पीळ साधारण चौपट करतो आणि आसावरील दातेरी चक्रे तो पुन्हा चौपट करतात. म्हणजे चाकांपर्यंत ४,८०० न्यूटन-मीटर पोहोचतात. आता जमिनीची बाजू पाहू. कोरड्या डांबरावर टायरची पकड गाडीच्या वजनाच्या सुमारे ७० ते ८० टक्के असते. ओल्या चिकण मातीवर ती ३० टक्के किंवा त्याहूनही खाली येते. गाडीचे वजन १,८०० किलो आणि चाकाची त्रिज्या ३८ सेंटिमीटर धरली, तर अशी माती चारही चाकांकडून मिळून जेमतेम २,००० न्यूटन-मीटर स्वीकारू शकते. त्यापलीकडचा सगळा जोर चाक जागच्या जागी फिरवण्यात आणि चिखल उडवण्यात खर्च होतो.

याचा अर्थ असा की, साधे इंजिनसुद्धा मातीला पेलवेल त्याच्या दुपटीहून अधिक ताकद देऊन बसलेले असते. त्याच्या जागी सहाशे अश्वशक्तीचे इंजिन बसवले तर चाक अधिक वेगाने फिरेल आणि खड्डा अधिक लवकर खोल होईल, एवढाच फरक.

चढाच्या बाबतीत हे अधिक स्पष्ट होते. पकड वजनाच्या ३० टक्के असेल, तर चारही चाकांना जोर मिळणारी गाडी शंभर मीटरला तीस मीटर उंचीचा चढ कशीबशी चढेल. दोनच चाकांना जोर मिळत असेल, तर ही मर्यादा ढोबळमानाने निम्म्यावर येते. त्याहून तीव्र चढ असेल, तर जगातील कोणतेही इंजिन ती गाडी वर नेणार नाही. तेथे टायर बदलावे लागतात, चाकांना साखळ्या बांधाव्या लागतात, झाडाला दोर लावून विंचने गाडी ओढावी लागते किंवा ऊन पडण्याची वाट पाहावी लागते. मलेशियात १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ या स्पर्धेची भारतीय आवृत्ती २०१४ पासून गोव्यात ऐन पावसाळ्यात होऊ लागली. तेथेही स्पर्धकांचा बराचसा वेळ वेगाने गाडी हाकण्यात जात नाही. तो विंचचा दोर ओढण्यात आणि चाक कोठे ठेवावे याचा विचार करण्यात जातो.

हळू चालण्याची क्षमता

मग खालच्या पट्टीचे गिअर, ज्यांना गॅरेजमध्ये ‘लो गिअर’ किंवा ‘फोर-लो’ म्हणतात, ते कशासाठी? ते चाकांवरील जोर अडीचपट किंवा अधिक वाढवतात, हे खरे आहे आणि चाक दगडाला टेकून वर चढवायचे असेल तेव्हा त्याचा उपयोगही होतो. परंतु त्यांचे मुख्य काम गाडीला न थांबता हळू चालू देणे हे आहे.

वरील उदाहरणातील इंजिन मिनिटाला ८०० फेरे, म्हणजे अॅक्सिलरेटरला पाय न लावता चालले, तर पहिल्या गिअरमध्ये गाडी ताशी सुमारे सात किलोमीटर वेगाने जाते. हा माणसाच्या भरभर चालण्याहून अधिक वेग झाला. निसरड्या उतारावर तो फार होतो. चालक मग ब्रेक दाबतो, चाके जाम होतात आणि गाडी घसरगुंडीवर बसल्यासारखी खाली जाते. लो गिअरमध्ये, अडीचच्या गुणोत्तराने, हाच वेग ताशी तीन किलोमीटरखाली येतो. रुबिकॉनमधील चारच्या गुणोत्तराने तो दोन किलोमीटरच्याही आत येतो. गाडी इंजिनच्या रोधावर उतरते, पाय ब्रेकवरून मोकळा राहतो आणि चाके फिरती राहिल्याने स्टिअरिंग हुकमात असते. कॉफीच्या गोण्या भरून मळ्यातून खाली येणाऱ्या गाडीसाठी हा एक गुण शंभर अश्वशक्तीहून मोलाचा आहे.

दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपचे इंजिन ६० अश्वशक्तीचे होते. ती दलदलीतून आणि डोंगरातून फिरली ती सुमारे दुप्पट जोर देणाऱ्या लो गिअरवर आणि टनभर वजनावर. याच जीपची जुळणी महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत सुरू केली. त्या घराण्यातील जुन्या गाड्या कोडगूने अद्याप टाकून दिलेल्या नाहीत. मडिकेरीहून मंडलपट्टीच्या माथ्याकडे पर्यटकांना नेणाऱ्या जीपगाड्यांमध्ये त्या दिसतात. त्यांचे पत्रे खिळखिळे असतात आणि बसणाऱ्याच्या कमरेची परीक्षा होते, पण शेवटच्या दगडाळ टप्प्यात त्या चढतात.

लॉक, टायर आणि वजन

लो गिअरनंतर क्रम लागतो डिफरन्शियलचा. वळणावर बाहेरचे चाक आतल्या चाकाहून अधिक अंतर कापते. ते शक्य व्हावे म्हणून आसावर डिफरन्शियल असते. त्याचा दोष असा की, एक चाक हवेत उचलले गेले किंवा चिखलात मोकळे फिरू लागले, की दुसऱ्या चाकालाही तेवढाच क्षीण जोर मिळतो. चारचाकी चालन असलेली गाडी समोरासमोरचे एकेक चाक फिरवत उभी राहते ती यामुळे. डिफरन्शियल लॉक केले की दोन्ही चाके एकत्र फिरतात आणि ज्याला पकड आहे ते गाडी पुढे नेते. काही गाड्यांत लॉकऐवजी संगणक फिरत्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याकडे जोर वळवतो. ही व्यवस्था स्वस्त आणि हलकी आहे. मात्र ती चाक घसरल्यानंतर जागी होते आणि दीर्घकाळ वापरल्यास ब्रेक तापतात.

पुण्यातील फोर्स मोटर्सच्या गुरखा गाडीत पुढील व मागील दोन्ही आसांना चालकाने हाताने लावायचे लॉक मिळतात. २०२१ च्या गुरखाचे इंजिन जेमतेम ९० अश्वशक्तीचे होते आणि महामार्गावर ती मागे पडते, अशी तक्रार होती. २०२४ मध्ये तेथे १४० अश्वशक्तीचे इंजिन आले. चिखलातील तिची क्षमता मात्र आधीच्या इंजिनवरही वाखाणली जात होती. २०२० च्या महिंद्र थारचे २.२ लिटरचे डिझेल इंजिन १३० अश्वशक्तीचे होते. तिच्या मागील आसाला आपोआप लागणारे लॉक काही प्रकारांत मिळते. २०२३ मध्ये आलेल्या मारुती सुझुकीच्या जिम्नीत लॉक नाही, ब्रेकवर चालणारी व्यवस्था आहे. परंतु तिचे वजन सुमारे १,२०० किलो, म्हणजे थारहून पाचशे किलोंनी कमी आहे. हलकी गाडी मातीत कमी रुतते आणि रुतली तर चार माणसांना ढकलता येते. लष्करापासून मळेवाल्यांपर्यंत सर्वांनी वापरलेल्या आणि २०१९ मध्ये उत्पादन थांबलेल्या जिप्सीचे यशही बरेचसे टनभराच्या आतील वजनाचे होते.

रुंदीचाही हिशेब करावा लागतो. जिम्नीची रुंदी १ मीटर ६४ सेंटिमीटर, थारची १ मीटर ८२ सेंटिमीटर, तर डिफेंडर ऑक्टाची आरसे वगळूनही दोन मीटरहून अधिक आहे. दोन्ही बाजूंना कॉफीची झुडपे आणि एका बाजूला दरी असलेल्या वाटेवर हे वीस-चाळीस सेंटिमीटर इंजिनपेक्षा आधी निर्णय देतात.

टायरविषयी थोडेच सांगावे लागेल, पण ते सर्वांत महत्त्वाचे आहे. गुळगुळीत खाचांच्या टायरवरील सर्वांत महागडी गाडी खोल खाचांच्या टायरवरील जुन्या जीपच्या मागे राहते. खोल खाचांचे टायर महामार्गावर आवाज करतात, ओल्या डांबरावर ब्रेकचे अंतर वाढवतात आणि लवकर झिजतात. बैलकुप्पे ते म्हैसूर हा प्रवास नेहमीचा असेल, तर मधल्या प्रकारचे टायर घेऊन चिखलात शिरण्यापूर्वी हवा कमी करणे हा मार्ग अनेक अनुभवी चालक पत्करतात. हवा कमी केली तर ती पुन्हा भरण्यासाठी गाडीत लहान पंप हवा, हे मात्र विसरून चालत नाही.

दिसायला सारखी, आतून वेगळी

साध्या प्रकाराविषयीही सावध राहणे आवश्यक आहे. जानेवारी २०२३ मध्ये थारचा १.५ लिटर डिझेल इंजिनाचा प्रकार ९ लाख ९९ हजार रुपयांच्या सुरुवातीच्या किमतीत आला. बाहेरून ती हुबेहूब थार आहे. परंतु तिच्यात फक्त मागील चाकांना जोर मिळतो आणि लो गिअर नाही. शहरात राहणाऱ्या व रूप आवडणाऱ्या ग्राहकासाठी हा व्यवहार वाईट नाही. मळ्याच्या वाटेसाठी मात्र ही साधी गाडी नव्हे, वेगळीच गाडी आहे. येथे बचत केली तर वर सांगितलेल्या चढाच्या गणितात ग्राहक थेट निम्म्यावर येतो.

कररचनेने ही दरी वाढवली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतील आणि १,५०० घनसेंटिमीटरपर्यंत डिझेल इंजिनाच्या गाड्यांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. त्यामुळे दोन चाकांवर चालणारी १.५ लिटरची थार खालच्या दरात बसते, तर २.२ लिटरची चारचाकी चालनाची थार ४० टक्क्यांच्या दरात जाते. पेट्रोल इंजिनाची मर्यादा १,२०० घनसेंटिमीटर असल्याने १,४६२ घनसेंटिमीटरची जिम्नीही ४० टक्क्यांतच मोडते. डोंगरातील शेतकऱ्याला गरजेचे असलेले यंत्र आणि शहरातील हौसेचे वाहन यांत हा कर भेद करत नाही.

साधी गाडी घेऊन नंतर ती सुधारून घेऊ, हा विचार पूर्वी सर्रास केला जात असे. तो आता धोक्याचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात ही तरतूद अधोरेखित केली. गाडी उंच करणे किंवा चाकांच्या कमानीबाहेर जाणारे टायर बसवणे यांमुळे दंड होऊ शकतो आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्यात अडचण येऊ शकते. लॉक आणि लो गिअर हवे असतील, तर ते खरेदीच्या दिवशीच घेतलेले बरे.

पाणी आणि दरड

ऑगस्ट २०१८ मध्ये कोडगूत अतिवृष्टीने दरडी कोसळल्या, मडिकेरी ते मंगळुरू महामार्ग जोडुपाल परिसरात खचला आणि अनेक वस्त्यांचा संपर्क तुटला. त्या वर्षी आणि पुन्हा २०१९ मध्ये कावेरीचे पाणी कुशालनगरच्या सखल वस्त्यांत शिरले. अशा घटनांनंतर समर्थ गाडी असावी असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि येथे कागदावरील आकडे फसवे ठरतात. थारसाठी ६५० मिलिमीटर आणि गुरखासाठी ७०० मिलिमीटर खोल पाण्यातून जाण्याची क्षमता कंपन्यांनी जाहीर केली आहे. ही क्षमता म्हणजे पुराच्या पाण्यात शिरण्याचा परवाना नव्हे. वाहते पाणी ३० सेंटिमीटर खोल असले तरी लहान मोटार वाहून जाऊ शकते आणि ६० सेंटिमीटरमध्ये बहुतेक मोठ्या गाड्याही तरंगू लागतात, असा इशारा आपत्तीविषयक यंत्रणा देतात. चाके तळ सोडतात त्या क्षणी लॉक, लो गिअर आणि अश्वशक्ती यांना समान किंमत उरते. खचलेल्या रस्त्यावर तर मागे वळता येणारी लहान गाडी हीच अधिक सोयीची.

बैलकुप्पे येथील वसाहतीच्या बहुतांश रहिवाशांना यातील कशाचीच गरज नाही, हेही नमूद करायला हवे. तेथील वस्त्या सपाटीवर आहेत, शेतीला ट्रॅक्टर आहेत आणि म्हैसूरला जायला साधी मोटार पुरते. गरज आहे ती नदीपलीकडे नित्य जाणे-येणे असलेल्यांना. त्यांच्यासाठी लो गिअर, किमान मागील आसाचे लॉक, मधल्या प्रकारचे टायर आणि म्हैसूर किंवा मडिकेरीत सुटे भाग मिळतील असे वाहन हा क्रम योग्य ठरतो. त्यानंतर पैसे उरले तर मोठे इंजिन घ्यावे. महामार्गावर गाडी ओलांडताना ते उपयोगी पडतेच.

महाराष्ट्रातून स्वतःची मोठी गाडी घेऊन जाणाऱ्या पर्यटकांसाठी मंडलपट्टीचा परिसर पुष्पगिरी अभयारण्याला लागून आहे, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. वनक्षेत्रात ठरलेली वाट सोडून गाडी घालणे हा गुन्हा आहे. बहुतेक जण आपली गाडी खाली ठेवून स्थानिक जीपने वर जातात. पाऊस फार असेल त्या दिवशी त्या जीपचा चालकही वर जाण्यास नकार देतो.